सहा रुपये ७८ पैशांत जेवण बसते का? हिशेब मुलांनाच मांडू द्या

सरकारी शाळेतल्या पहिली ते पाचवीच्या एका मुलाच्या एका वेळच्या जेवणासाठी ६ रुपये ७८ पैसे, सहावी ते आठवीच्या मुलासाठी १० रुपये १७ पैसे. पीएम पोषण योजनेचे हे दर १ मे २०२५पासून लागू झाले. तांदूळ वेगळा मिळतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन एवढे मात्र या पैशांत बसवायचे असते. चौथीतल्या मुलाला गुणाकार येतो, भागाकार येतो, ग्रॅम-किलो आणि रुपये-पैसेही येतात. तरी रोज समोर येणाऱ्या खिचडीचे गणित त्याला कोणी घालत नाही. त्याला गणित मिळते ते कुठल्याशा व्यापाऱ्याने घेतलेल्या ४८ डझन वह्यांचे.

त्याच मुलाच्या खिशात मधल्या सुट्टीत पाच किंवा दहा रुपये असतात आणि शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर त्याला बरोबर परवडतील अशी पाकिटे लटकत असतात. ती पाच आणि दहा रुपयांचीच का असतात, हे त्याला माहीत नसते. पाकीट बनवणाऱ्याला पक्के माहीत असते.

मुलांना आतापासून पैशांचे कशाला?

घरोघरी ऐकू येणारा हा प्रश्न चुकीचा नाही. सात-आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर महागाईचे ओझे टाकू नये, असे आई-वडिलांना वाटते. पण मूल पैशांच्या जगात आधीच शिरलेले असते. पहिलीतले पोर स्वतः दुकानात जाते, स्वतः निवडते, स्वतः पैसे देते. मोठ्यांनी त्याला खरेदीची मुभा दिली आहे. खरेदी करताना विचार कसा करायचा, तेवढे सांगायचे राहिले आहे.

दुसरीकडे आरोग्याचे आकडे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, तर सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. वजन जास्त असलेल्या मुलांचे प्रमाण याच सर्वेक्षणात ४.१ टक्के होते. आकडा लहान दिसतो, पण खुजे मूल आणि लठ्ठ मूल एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात सापडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार देशातील एकूण आजारांपैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे.

नियम आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार जादा मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. त्याची अंमलबजावणी कशी होते, हे कोणत्याही शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहिले की कळते. आणि नियम काटेकोर पाळला तरी एक्कावन्नाव्या मीटरवर काय? शाळा ते घर हा उरलेला रस्ता मुलाला स्वतःच्या अकलेने पार करायचा असतो.

पुस्तकात तर सगळे आहे

आहे, नक्कीच आहे. परिसर अभ्यासात अन्नाचे धडे आहेत. कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे ही नावे मुले घडाघडा म्हणतात. वर्गाच्या भिंतीवर समतोल आहाराचा तक्ता असतो. त्यावर बहुतेक वेळा सफरचंद, द्राक्षे आणि दुधाचा पेला असतो. तक्त्यावर एकाही पदार्थाची किंमत नसते. तालुक्याच्या गावात जानेवारीत सफरचंद काय भावाने मिळते आणि त्याच पैशांत किती पेरू येतात, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला येत नाही, कारण तो गणिताचा आहे. गणिताच्या तासाला येत नाही, कारण तो अन्नाचा आहे.

परिणाम असा की, ‘पौष्टिक म्हणजे महाग’ हे समीकरण मुलाच्या मनात घट्ट बसते. शेवग्याचा पाला, अंबाडी, करडई, हरभऱ्याची कोवळी भाजी, करवंदे, बोरे, नाचणी यांना तक्त्यावर जागा क्वचितच मिळते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम. भाकरी आणि पेला यांची तुलना सरळसोट करता येत नाही, हे खरे. पण आदिवासी पाड्यावरच्या मुलीला आपल्या घरची नाचणीची भाकरी ‘गरिबांचे खाणे’ वाटू नये, एवढे तरी या आकड्याने साधते.

कोणत्या वयात किती?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला पैशांचा हिशेब नकोच. त्याला भाजी निवडू द्यावी. मेथीची पाने खुडणे, मटार सोलणे, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणे ही कामे त्याला खेळासारखी वाटतात आणि हाताने सोललेला मटार ते बहुधा खातेही. मंडईत ‘आज गवार घ्यायची की भेंडी’ एवढी एकच निवड त्याच्यावर सोपवावी. ‘काय घेऊ या?’ असा मोकळा प्रश्न या वयाला झेपत नाही. उत्तर चॉकलेट येते.

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात वीस रुपये आणि एक काम देता येते: कोथिंबीर, लिंबे आणि मिरच्या आणायच्या, उरलेले पैसे परत द्यायचे. भाजीवालीने मिरच्या कोथिंबिरीबरोबर अशाच टाकल्या, तर तेही त्याला तिथेच कळते. अपूर्णांक शिकण्यासाठी तर मंडईसारखी जागा नाही. पाव किलो, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे मराठी बाजाराचे रोजचे बोलणे आहे. आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी तोंडपाठ केली होती, ती काही परीक्षेपुरती नव्हे. मोडीव माल घेताना ती लागत असे. आज वहीत पिझ्झ्याचे आठ तुकडे करून जो पाव शिकवला जातो, तो तागडीत पंधरा सेकंदांत दिसतो.

नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना दोन-तीन दिवसांचा बेत आखता येतो. या वयात ‘हे नसेल तर काय’ हा विचार जमू लागतो आणि खरे नियोजन तिथूनच सुरू होते. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या कितीतरी वर गेले, तेव्हा अनेक घरांतली आमटी चिंचेवर गेली. कोकणात आमसूल होतेच. कुठे कैरीची फोड, कुठे अंबाडी. टोमॅटोचे काम आंबटपणाचे आहे आणि ते दुसरे कोणीही करू शकते, हे ज्या मुलाला समजले त्याला अंदाजपत्रक या शब्दाचा निम्मा अर्थ समजला.

बारा वर्षांच्या पुढे आठवड्याचा बेत, गॅसचा अंदाज, उरलेल्या अन्नाचा उपयोग, सणासुदीचा वेगळा खर्च, हे सगळे येते. त्यासाठी वेगळी शिकवणी लागत नाही. किराणा भरताना सोबत बसवले तरी चालते.

साठ रुपयांचा आठवडा

एक साधे उदाहरण. मधल्या सुट्टीच्या खाऊसाठी दिवसाला १० रुपये, म्हणजे सहा दिवसांचे ६० रुपये. रोज एक पाकीट घेतले तर हिशेब संपला. आता तेच ६० रुपये शनिवारी एकदम मुलाच्या हातात दिले आणि ‘आठवड्याचा खाऊ तू ठरव’ असे सांगितले तर?

भाव गावागणिक बदलतील; इथे शेंगदाणे १४० रुपये किलो, फुटाणे १६० रुपये, गूळ ६० रुपये आणि केळी ६० रुपये डझन धरली आहेत. दीडशे ग्रॅम शेंगदाणे २१ रुपये. शंभर ग्रॅम फुटाणे १६ रुपये. शंभर ग्रॅम गूळ ६ रुपये. तीन केळी १५ रुपये. एकूण ५८. तीन दिवस मूठभर शेंगदाणे-गूळ, तीन दिवस फुटाणे आणि केळे, वर दोन रुपये शिल्लक. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वेफर्सच्या पाकिटात ती त्यापेक्षा बरीच कमी असतात.

हा हिशेब कागदावर देखणा आहे आणि बुधवारपर्यंत मोडणार आहे, कारण मुलाला मधेच एखादे कुरकुरीत पाकीट हवेच असते. म्हणून सहापैकी एक दिवस त्याच्या मनाचा ठेवावा, विनाशर्त. ज्या बेतात मनासारखे काहीच नसते तो मोठ्यांनाही पाळता येत नाही. जानेवारीत सुरू झालेल्या आणि मकरसंक्रांतीला संपलेल्या किती आहार-संकल्पांना घरे साक्षी आहेत.

चुका होऊ द्याव्यात, हेही महत्त्वाचे. मूल स्वस्तात मिळतात म्हणून सहा केळी आणेल आणि चौथ्या दिवशी ती काळी पडतील. अशा वेळी आईने हळूच नवी केळी आणून ठेवली तर त्या काळ्या केळ्यांनी शिकवायचे ते राहून गेले. त्यांचे शिकरण करता येते, हा पुढचा धडा.

याच हिशेबाला जोडून पाकिटाचे गणित घालावे. पाच रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावर १२ ग्रॅम वजन लिहिलेले असेल, तर किलोचा भाव किती? सुमारे ४१७ रुपये. बटाटा ३० रुपये किलो असताना. बऱ्याच पाकिटांवर आता प्रति ग्रॅम किंमतही छापलेली असते, फक्त ती वाचायला भिंग लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे पहिले नाव ज्याचे, तोच पदार्थ सर्वांत जास्त. ही एवढी एक गोष्ट कळली की ‘फळांचे’ म्हणून मिळणाऱ्या पेयाची यादी मुले स्वतःच मोठ्याने वाचून दाखवतात आणि फळ कितव्या क्रमांकावर आहे ते घरभर सांगत फिरतात.

पैसेच दिसत नाहीत, त्याचे काय?

शहरातल्या मुलांची अडचण वेगळी आहे. त्यांना नोट मोडताना दिसतच नाही. फोन पुढे केला, आवाज आला, पिशवी मिळाली; किंवा फोनवर बोट फिरवले आणि दहा मिनिटांत दाराची घंटा वाजली. पैसा संपतो, ही गोष्ट मुलाला कुठे दिसावी? जुन्या घरांत दूधवाला, किराणा आणि भाजी यांचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत किंवा पाकिटांत असत. महिनाअखेरीस भाजीचा डबा हलका लागला की पिठले होत असे आणि का झाले ते मुलांना न सांगता कळत असे.

तो डबा परत आणता येतो. सगळ्या घरखर्चासाठी नको. मुलाकडे सोपवलेल्या खाऊपुरता किंवा रविवारच्या भाजीपुरता रोख पैशांचा एक डबा पुरे. ज्यांना फोनच सोयीचा वाटतो त्यांनी निदान खरेदीची यादी आधी कागदावर लिहावी आणि टोपलीत टाकलेल्या वस्तूंशी ती मुलाकडून ताडून घ्यावी. यादीत नसलेले काय आले, यावर मुले फार कडक परीक्षक असतात. वडिलांचे फरसाण त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

शाळेत हे कुठे बसेल?

नवा विषय, नवे पुस्तक, नवे प्रशिक्षण असे काही म्हटले की शिक्षक हात जोडतात आणि त्यात त्यांची चूक नाही. पण इथे जागा आधीच आहे. मार्च २०२४मध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. त्याच्या विषयांत रोजच्या जीवनातले वित्तीय व्यवस्थापन आणि स्वतःच्या आरोग्याची काळजी, दोन्ही आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. परसबागेच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१९मध्येच काढल्या. परसबागेतला पालक तोडून थेट पातेल्यात जातो. त्याआधी तो मुलांनी तोलला, बाजारभावाने त्याची किंमत काढली आणि भिंतीवर लिहिली, तर खर्च शून्य आणि शिकणे भरपूर.

आणि बाल आनंद मेळावा तर आहेच. जिल्हा परिषदेच्या शाळांतला हा ‘बाजार डे’ गावाला सणासारखा असतो. पोरे भेळ, वडे, इडली, गुलाबजाम, शेतातल्या भाज्या मांडून बसतात, ओरडून विकतात, सरपंचांनाही उधारी देत नाहीत. यात खरे गणित होते, यात शंका नाही. तरी दोन गोष्टी खटकतात. पदार्थ बहुधा आईने पहाटे उठून केलेला असतो आणि साहित्याचा खर्च हिशेबात धरलेलाच नसतो. त्यामुळे सगळी विक्री ‘नफा’ म्हणून जाहीर होते. दुसरे, कौतुक सर्वांत जास्त गल्ला जमवणाऱ्याचे होते आणि तो नेहमी तळणाचाच असतो. प्रत्येक टेबलावर एक पाटी ठेवायला लावली, साहित्य काय, खर्च किती, एका प्लेटची किंमत कशी काढली, तर तोच मेळावा निराळा होईल. एक बक्षीस वीस रुपयांत सर्वांत पोटभर आणि चांगले खाऊ घालणाऱ्या टेबलाला द्यावे. मग मोड आलेल्या मटकीलाही गिऱ्हाईक मिळेल.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९३७च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये शेती, सफाई आणि स्वयंपाकघर ही शिकण्याचीच ठिकाणे होती. पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांपर्यंत नेला. तिथे पदार्थ करणे आणि त्याचा खर्च काढणे हे एकाच कामाचे दोन भाग असतात. या प्रयोगांचे कौतुक भाषणांत खूप होते. चौथीच्या वर्गापर्यंत मात्र त्यातले फारसे पोहोचले नाही.

खिचडीचा हिशेब, मुलांच्या वहीत

आता पुन्हा ६ रुपये ७८ पैशांकडे. योजनेच्या निकषानुसार प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळाले पाहिजे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. तूरडाळ १२० रुपये किलो धरली तर २० ग्रॅमचे २ रुपये ४० पैसे. भाजी ४० रुपये किलो धरली तर २ रुपये. तेल १५० रुपये किलोने ७५ पैसे. झाले ५ रुपये १५ पैसे. उरलेल्या १ रुपया ६३ पैशांत मीठ, हळद, तिखट, मोहरी आणि गॅस.

बसते म्हणायचे. आता भाजी ८० रुपये किलो करा. पावसाळ्यात ती होतेच. बेरीज ७ रुपये १५ पैशांवर जाते, म्हणजे मसाला आणि गॅस धरण्याआधीच पैसे संपले. मग वर्गाला विचारावे: काय कराल? कोणी म्हणेल, तुरीऐवजी मसूर. कोणी म्हणेल, परसबागेतला दुधी. कोणी म्हणेल, भाजी कमी करू, आणि तेव्हा ५० ग्रॅम म्हणजे किती हे तागडीत टाकून दाखवता येईल. आधीच ती जेमतेम मूठभर असते.

एखादे मूल विचारेल, अंडे का नाही? प्रश्न रास्त आहे. राज्यात नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्याला एक अंडे, ते न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला आणि अंडे लोकसहभागावर सोपवण्यात आले. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, दिवसाच्या ठरलेल्या बारा ग्रॅमच्या निम्मी. सात रुपयांचे एक अंडे ६ रुपये ७८ पैशांत बसत नाही, ही वजाबाकी तिसरीतले मूलही करू शकते.

गरीब घरातल्या मुलांना हे शिकवणे म्हणजे काय?

या कल्पनेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथे येतो. ज्या घरात रोज दहा रुपयांचे तेल आणि पाच रुपयांची चहापावडर येते, तिथल्या मुलाला शाळेने काटकसर शिकवायची? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली दहा-अकरा वर्षांची मुलगी फडावर धाकट्या भावंडांचे जेवण सांभाळते. कोणत्या दुकानात पीठ दोन रुपयांनी स्वस्त आहे, कुठे उधारी मिळते, उद्याच्या भाकरीला पीठ पुरेल का, हे तिला तिच्या शिक्षकांपेक्षा जास्त कळते.

आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर ‘मग शिकवूच नका’ हे नाही. वर्गात या विषयाचा जाणकार कोण, हे आधी ओळखावे. अशा मुलीला भावांचे आकडे सांगायला पुढे बोलावले, तर तिच्या माहितीला वर्गात पहिल्यांदाच किंमत येईल. त्याच वेळी एक कुंपण हवे. ‘तुमच्या घरी महिन्याला किती खर्च होतो, लिहून आणा’ असला गृहपाठ कधीही देऊ नये. घरची तंगी चारचौघांत उघडी पडणे ही शिक्षा आहे. सगळे हिशेब काल्पनिक घराचे, शाळेच्या खिचडीचे किंवा मेळाव्याच्या टेबलाचे असावेत. डब्यांची तपासणी नको, चांगला डबा-वाईट डबा असे तारे नकोत.

दुसरे कुंपण मोठ्यांसाठी. मुलांना नियोजन शिकवले म्हणजे कुपोषण हटेल, असे कोणी म्हणू लागले तर ते थांबवायला हवे. पन्नास रुपयांच्या कामाला शहाणपणाने चाळीस पुरवता येतात. दहा पुरवता येत नाहीत. पोषणासाठी पैसा, रोजगार, रेशन आणि शाळेचे पूर्ण जेवण लागते आणि ते देणे सरकारचे काम आहे. गरिबांना खर्च करता येत नाही म्हणून ते उपाशी राहतात, हा सूर या देशात अधूनमधून लागतोच. मुलांचा धडा त्याला टाळ देण्यासाठी वापरला जाऊ नये. उलट खिचडीचा हिशेब नीट शिकलेली मुले उद्या ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत बसून विचारतील, की दर ठरवताना भाजी कोणत्या भावाने धरली होती.

आणि मुलगे?

बेत, भाजी आणि डबा असे शब्द आले की वर्गातले अर्धे डोळे आपोआप मुलींकडे वळतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र आले, तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या. बाबांनी भाजी निवडणे ही बातमी होते, यातच सगळे आले. मंडईत पिशवी धरायला मुलगी आणि दुकानात पैसे द्यायला मुलगा, अशी वाटणी घरात नकळत होते. पुढे नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणारी मुले महिनाभर वडापाव आणि झटपट नूडल्सवर काढतात. खोलीतल्या तिघांत मिळून डाळ-भात लावणे किती स्वस्त पडते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. लावता येणे तर दूरच.

उष्मांक मोजायचे का?

लहान वयात नकोत. दहा वर्षांचे मूल स्वतःचे वजन आणि ताटातले उष्मांक मोजू लागले तर ते आरोग्य शिकत नसते, धास्ती शिकत असते. ताटात किती रंग आहेत, डाळ किंवा उसळ आहे का, ताजे काही आहे का, एवढे प्रश्न पुरेत. साखरेपुरता मात्र आकडा सांगावा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. शीतपेयात १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच चमच्यांहून जास्त. सीबीएसईने मे २०२५मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले ते याचसाठी. बोर्ड वाचण्यापेक्षा पाच चमचे साखर मुलाने स्वतः मोजून वाटीत टाकली तर जास्त लक्षात राहते.

दुसऱ्याच्या ताटावर बोलायचे नाही, हा नियमही याच तासाला सांगून टाकावा. कोणी अंडे खाते, कोणी सुकट, कोणी कांदा-लसूणही खात नाही. प्रथिने कशातून आली याच्याशी गणिताला देणेघेणे नसते.

सुरुवात कुठून?

आठवडी बाजारातून किंवा सोसायटीच्या फाटकाशी येणाऱ्या भाजीच्या गाडीपासून. पहिल्या रविवारी वीस रुपये आणि तीन वस्तूंची यादी. सोबत मोठे माणूस असावे, पण दोन पावले मागे, आणि भाव मुलानेच विचारावा. परत आल्यावर वहीत एक ओळ: काय, किती, केवढ्याला. चार रविवारांनी त्याच वहीत कोथिंबिरीचे चार भाव दिसतील आणि मूल विचारेल की जुडी तीच असताना भाव का बदलला. तेव्हा पाऊस, वाहतूक आणि शेतकरी यांच्यावर बोलायला वेळ काढून ठेवावा. पिशवी घरूनच न्यावी.